वायरींच्या इतिहासाची साधने

इतिहास या विषयावर खानदेशातल्या माणसाने जरा जपूनच लिहावं. कारण आमच्या शेजारी धुळं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. लगेच १९२७ च्या जानेवारीत तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. तेव्हापासून धुळ्याच्या माणसाला कोणतीही गोष्ट सांगा, तो आधी विचारणार, "पुरावा काय?" जळगावचा माणूस विचारतो, "भाव काय?" दोन जिल्ह्यांत फरक म्हणाल तर एवढाच. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, ते बहुधा या दोन प्रश्नांच्या मधोमध रेघ मारूनच केले असावेत.

गंमत अशी की त्याच १९२७ सालच्या २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. म्हणजे जुने कागद जपून ठेवणारी संस्था आणि हवेत विरून जाणारा आवाज सोडणारी संस्था, दोघी एकाच वर्षाच्या. पुढे कागदांचा इतिहास झाला. आवाजाचाही झाला. गवयांची चरित्रं आली, निवेदकांच्या आठवणी आल्या, रेकॉर्डींच्या याद्या आल्या. पण ज्या वायरीने भिंतीतला करंट रेडिओच्या पोटात नेऊन सोडला, तिच्यावर कोणी एक ओळ खर्ची घातली नाही. रेडिओची पुढची बाजू सगळ्यांनी पाहिली. मागची बाजू पाहिली ती फक्त घरातल्या केर काढणाऱ्या बाईने.

हा अन्याय दूर करण्याची साधनं माझ्याकडे आहेत. माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात तीन पिढ्यांच्या वायरी, प्लग, होल्डर आणि आता कशाचे हे सांगता येणार नाही असे स्क्रू आहेत. दर दिवाळीला आमची सौभाग्यवती हा डबा भंगारवाल्याला द्यायला काढते आणि दर दिवाळीला मी "ही ऐतिहासिक साधनं आहेत" असं म्हणून तो परत चढवतो. आता हा लेख छापून आला की निदान एक दिवाळी निभावेल.

तर, खानदेशातल्या घरगुती आवाजाच्या इतिहासाचे माझ्या मते चार कालखंड पडतात.

पहिला कालखंड कापडी वायरीचा. दोन तारा, त्यांवर रबर, रबरावर सुती कापड आणि दोघींना वेणीसारखा पीळ. दिसायला ही वायर मोठी खानदानी. भिंतीवर सागवानी पट्ट्या, त्यांवर पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेल्या काळ्या वायरी, शेवटी गोल लाकडी ठोकळा आणि त्यावर बेकलाइटचं बटण. पुष्कळ घरांत रेडिओसाठी वेगळा प्लग नसेच. मग बल्बच्या होल्डरमध्ये एक अडॅप्टर खोचून तिथून करंट घ्यायचा. रेडिओ लावायचा तर दिवा लावावा लागे किंवा दिवा काढावा लागे. संगीत आणि प्रकाश यांतलं एक निवडण्याची वेळ पुढे कोणत्याही रसिकावर आली नाही.

या कालखंडातल्या रेडिओला मागे तीन शेपट्या असत. एक करंटची, दुसरी एरियलची आणि तिसरी अर्थची. एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची दोन बोटं रुंद पट्टी. ती दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. ती लागायची, कारण खानदेशाला स्वतःचं केंद्रच नव्हतं. मुंबई लांब, इंदूर लांब, आणि ज्याच्यासाठी सगळा जीव टांगलेला, ते सिलोन तर समुद्रापलीकडे. १९५२ पासून बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी गीतमाला सुरू करत, आणि ती समुद्र ओलांडून, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत येऊन, आमच्या जाळीत अडकत असे. मासा जाळ्यात यावा तशी. कधी येई, कधी शेपूट हलवून निसटे.

तिसरी शेपटी अर्थची. ही रेडिओपासून निघून थेट मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. नळ जमिनीत गेलेला, म्हणून रेडिओही जमिनीला टेकलेला. त्यामुळे स्टेशन स्वच्छ लागे. नळाला पाणी येवो न येवो, गाणं येत असे. पुढे लोखंडी पाइप गेले आणि प्लास्टिकचे आले. त्या पाइपांनी आमच्या जळगावचं नाव जगभर नेलं, याचा मला अभिमानच आहे. पण प्लास्टिकमधून करंट जात नाही. ज्या गावाने जगाला पीव्हीसी पाइप पुरवले, त्याच गावाच्या नळांचा अर्थ पहिल्यांदा हरवला. हा 'अर्थ' शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

करंटच्या शेपटीची गोष्ट मात्र थोडी भीतीची आहे. त्या वेळी काही गावांत एसी करंट असे, काही गावांत डीसी. म्हणून दोन्हींवर चालणारे रेडिओ निघाले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे. करंटच्या दोन तारांपैकी एक तार सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली. प्लग दोन पिनांचा; सुलटा लागला तर सांगाड्यावर न्यूट्रल, उलटा लागला तर सांगाड्यावर फेज! रेडिओची पेटी लाकडाची किंवा बेकलाइटची असे, ती नुसती शोभेची नव्हती. ती माणूस आणि मृत्यू यांच्यामधली फळी होती. बटणाचं टोपण निघालं आणि आतल्या स्क्रूला बोट लागलं की गीतमालेतलं कुठलंही गाणं न ऐकता माणूस थेट पहिल्या पायरीवर जाई. गुरगुर आली की "प्लग उलटा करून बघा" हा सल्ला तेव्हा जो तो देत असे. सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. गुरगुर खरोखरच कमी होई. फक्त प्लग उलटा करणाऱ्याने दुसऱ्या हाताने कशाला धरलं आहे, ही चौकशी सल्ला देणारा करत नसे.

आणि प्लगच नसला तर? तर वायरीची दोन टोकं सोलायची, भोकांत घालायची आणि काडेपेटीच्या दोन काड्या खोचून घट्ट करायची. हा शोध कोणत्या गावात लागला याबद्दल संशोधकांत एकमत नाही, कारण तो प्रत्येक गावात स्वतंत्रपणे लागला. ज्वालाग्राही पदार्थाने विजेची तार पक्की करणं ही कल्पना ज्या समाजाला सुचते, त्या समाजाचा देवावरचा विश्वास वादातीत मानायला हरकत नाही.

दुसरा कालखंड व्होल्टेजचा. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६८ साली भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये दोनशे दहा मेगावॅटचे दोन संच आले, आणि नंतरच्या काळात पाचशेचेही दोन. चिमण्यांचा धूर रेल्वेतून दिसायचा आणि आम्हांला वाटायचं, आता काय, करंट तर घरचाच! जवळच पिकतो तो माल गावात ताजा मिळणारच. पण विजेचं केळ्यासारखं नसतं. रावेर-यावलची केळी रावेर-यावलमध्ये स्वस्त मिळू शकतात; वीज मात्र एकदा ग्रिडमध्ये गेली की तिचं गाव कोणतं हे तिलाही सांगता येत नाही.

त्यातून संध्याकाळ झाली की शेतातले पंप सुरू, घराघरांतले दिवे सुरू, आणि दोनशे तीस व्होल्टचा करंट थकत थकत दोनशेच्याही खाली येई. बल्बाची तार लाल कंदिलासारखी दिसे. रेडिओतला गवई तापाने फणफणल्यासारखा बोले. मग स्टॅबिलायझर नावाची पेटी घरात आली. तिच्या पोटातला रिले दर पाच मिनिटांनी "टक्" करी. विलंबित ख्यालात समेच्या आधी अर्धी मात्रा हा "टक्" यायचा. आमच्या गल्लीतल्या एका तबलजींनी तो इतका मनावर घेतला की पुढे मैफलीत ते त्या जागेवर थांबू लागले म्हणतात. याला पुरावा नाही, हे धुळ्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

याच कालखंडात, १९७६ साली, आकाशवाणीचं जळगाव केंद्र सुरू झालं. वीस किलोवॅटचा ट्रान्समीटर दाराशी आल्यावर ताणलेल्या जाळीची गरज संपली. ट्रान्झिस्टरच्या पोटातली वीतभर काळी कांडी तेवढी पुरे होऊ लागली. घराघरांतून तांब्याच्या पट्ट्या उतरल्या आणि मोडीत गेल्या. मोरीतल्या नळाला गुंडाळलेली ती अर्थची तारही त्यांच्याबरोबर गेली. कोणाला चुटपुट लागली नाही. ज्या तारेतून गाणं येत नाही आणि जिच्यात करंट खेळत नाही, तिची आठवण ठेवणार कोण?

तिसरा कालखंड जाड वायरीचा. याचे आद्य प्रवर्तक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे धुळ्याचे दाजी.

दाजींनी नोकरीत असताना एचएमव्हीचा फिएस्टा वाजवला, कॅसेटच्या काळात सोनोडाइनचे स्पीकर जमवले, आणि निवृत्त झाल्यावर फंडातली रक्कम हातात येताच एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, एक सीडी प्लेअर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर घेतले. इथपर्यंत ठीक होतं. पण सगळं जोडून भीमसेन लावले, तेव्हा भीमसेनांच्या खर्जाखाली आणखी एक खर्ज ऐकू येऊ लागला. "घूंऽऽऽ". गाणं थांबलं तरी तो थांबेना.

हा खर्ज कोणाचा, हे सांगतो. आपल्याकडचा करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झोके घेतो. ॲम्प्लिफायरमध्ये तो सरळ करताना पन्नासाचे शंभर होतात. पन्नास असो की शंभर, हा सूर माणसाच्या कानाला व्यवस्थित ऐकू येतो. आणि तो सगळीकडे एकच आहे. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं वीजजाळं बाकीच्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या घरांतले पंखे, फ्रिज आणि दाजींचा ॲम्प्लिफायर एकाच तालात गुणगुणतात. राष्ट्रीय एकात्मतेचं इतकं पक्कं उदाहरण दुसरं नाही. पण दाजींना ते दिवाणखान्यात नको होतं.

दाजी मुंबईला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून एक वायर घेऊन आले. वायर कसली, अजगर! मनगटाएवढी जाड, वरून जांभळी जाळी, दोन्ही टोकांना सोन्याच्या पिना. लांबी दोन मीटर. किंमत त्यांनी ताईला सांगितली नाही, मलाही सांगितली नाही. पण त्या महिन्यात त्यांनी दुधाचा रतीब अर्ध्यावर आणला.

"अरे, करंट शुद्ध हवा," दाजी मला म्हणाले. "दीपनगरचा करंट कोळशाचा. त्यात खर्ज जास्त. आमच्या साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, तिकडचा करंट हवेशीर. रात्री वारा असला की सतार सुटी सुटी ऐकू येते."

मी म्हणालो, "दाजी, पुरावा काय?"

धुळ्याच्या माणसाला हा प्रश्न जळगावच्या माणसाने विचारावा, हे त्यांना लागलं. त्यांनी मला जपानचं उदाहरण दिलं. २०१६ साली वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती की टोकियोतल्या एका ८२ वर्षांच्या वकीलसाहेबांनी गाणं शुद्ध ऐकू यावं म्हणून स्वतःच्या घरासाठी स्वतंत्र विजेचा खांब उभारून घेतला. बातमी खरी आहे. दाजींच्या डोळ्यांत तो खांब उभा राहिलेला मला दिसला, आणि त्याच्यामागे ताईच्या डोळ्यांत उभं राहिलेलं पाणीही दिसलं.

सोन्याच्या पिनांची शहानिशा मात्र जळगावलाच व्हायला हवी होती. सोनं म्हटलं की खानदेशाचा शेवटचा शब्द आमच्या सराफ बाजाराचा. दाजी आले तेव्हा आम्ही वायर पिशवीत घालून एका सराफाकडे गेलो. त्याने पिन कसोटीवर घासली, भिंगातून पाहिली, दाजींकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने विचारलं, "मुलीकडच्यांनी दिली का?"

मुलामा होता. पण सराफाने एक गोष्ट पदरात घातली ती खरी होती. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, एवढाच त्याचा गुण. करंट वाहून न्यायला पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा, सोनं त्याच्या मागे. प्लग भोकात घट्ट बसला पाहिजे, ढिला बसला तर ठिणग्या उडणार. मग पिन सोन्याची असो की पितळेची. हे त्याला कसं माहीत? "दुकानात एसी आहे ना साहेब. मागच्या उन्हाळ्यात प्लग जळाला."

मग मी हिशेब मांडला. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या वायरीचा, जाऊन-येऊन चार मीटर धरला तर, विरोध साधारण सात शतांश ओहम. दाजींचा ॲम्प्लिफायर शंभर वॅट घेत असेल तर करंट अर्ध्या ॲम्पिअरपेक्षाही कमी. म्हणजे त्या साध्या वायरीत हरवणार तीन शतांश व्होल्ट. दोनशे तीसपैकी तीन शतांश! दीपनगरपासून, साक्रीपासून, आणखी कुठून कुठून ही वीज शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांतून येते. चार ट्रान्सफॉर्मर उतरते. गल्लीतल्या खांबावर कावळ्यांची आणि पतंगांची संगत करते. गणपतीच्या दिवसांत तिच्यावर आकडे पडतात. भिंतीतून मिस्त्रीच्या मर्जीने वळत वळत बोर्डापर्यंत पोचते. आणि दाजी शेवटच्या दोन मीटरवर तिला जांभळा शालू नेसवून विचारणार, आता कशी आहेस?

दाजींनी हिशेब दोनदा तपासला. बरोबर निघाला. तरीही ते म्हणाले, "पण ऐकून तर बघ."

ऐकलं. "घूंऽऽऽ" होताच. आता तो महाग झाला होता.

खरी गोष्ट अशी की वायर किती जाड यापेक्षा ती कुठून कशी गेली, याला महत्त्व आहे. आणि या बाबतीत धुळ्याला जन्मजात शहाणपण आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज आला आणि त्याने नवं धुळं सरळ रेषांत आखलं. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा. पत्ता सांगताना कवितेची गरज नाही. रस्ते एकमेकांना कापतात ते काटकोनात. ॲम्प्लिफायरच्या मागे नेमकं हेच धुळं वसवायचं असतं. करंटच्या वायरी एका बाजूने न्यायच्या, आवाजाच्या बारीक वायरी दुसऱ्या बाजूने. दोघी हातात हात घालून शेजारून गेल्या तर करंटची गुणगुण आवाजाच्या कानात शिरते. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं; भेट कमी वेळ होते, बोलणंही कमी होतं. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून ॲम्प्लिफायरमागे कोंबू नये. ट्रान्सफॉर्मरच्या मानेवर रेकॉर्ड प्लेअर बसवू नये, कारण त्याची सुई भिंतीलाही कान असलेल्या शेजारणीसारखी असते. जे तिला सांगितलेलं नाही तेही ऐकते.

दाजींच्या यंत्रांमागे मात्र जुन्या जळगावच्या पेठा वसल्या होत्या. सगळ्या वायरी एकमेकींत वळलेल्या, शनिपेठेतून निघावं तर बळीरामपेठेत. त्यांत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच बोर्डावर. हा रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक झोक्याचा लचका तोडून पंखा हळू करतो, आणि ते लचके स्पीकरमधून "चर्रर्र" असे ऐकू येतात. इनव्हर्टरचं त्याहून वाईट. स्वस्तातला इनव्हर्टर गोल झोक्याऐवजी चौकोनी झोके देतो, आणि चौकोनाचे कोपरे कानाला टोचतात. शुद्ध संगीतासाठी पंखा बंद करावा असं कुठल्याशा परदेशी पुस्तकात लिहिलं आहे म्हणे. तो लेखक मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत धुळ्याला आलेला नसावा. त्या दिवसांत आम्ही मारवा पंख्यासकटच ऐकतो. "चर्रर्र" हा आमच्याकडे मारव्याचा सातवा सूर आहे.

आणि इथून चौथा कालखंड सुरू होतो. हा तिसऱ्या पिनेचा.

दाजींचा ॲम्प्लिफायर एका भिंतीच्या बोर्डावर होता आणि सीडी प्लेअर समोरच्या भिंतीच्या. दोघांनाही तीन पिना, म्हणजे दोघांनाही अर्थ. पण दोन बोर्डांपर्यंत अर्थच्या तारा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या, त्यांच्या पातळीत किंचित फरक. एका घरात दोन चुली झाल्या की मधल्या दारातून कुजबुज सुरू होते, तसा तो फरक आवाजाच्या वायरीतून ये-जा करू लागतो. तोच हा "घूंऽऽऽ". त्यावर उपाय सोपा असतो: सगळ्या यंत्रांना एकाच बोर्डावरून करंट द्यावा. एक चूल, एक कुजबुज कमी.

पण दाजींना कोणीतरी त्याहून सोपा उपाय सांगितला. प्लग उघडायचा, तिसऱ्या पिनेची हिरवी तार कापायची, प्लग बंद करायचा. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. दाजींनी केलं, आणि काय सांगता! "घूंऽऽऽ" गेला. संपूर्ण शांतता. दाजींनी मला रात्री फोन करून ती शांतता ऐकवली. मी पाच मिनिटं ऐकली.

आठ दिवसांनी ताई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. फिरतीच्या खाली हात घालताना तिचा हात ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लागला, आणि ती मागे फेकली गेली. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं. नशिबाने हात चिकटला नाही. नशिबाने पायात सपाता होत्या. "झिणझिण्या आल्या" असं ती म्हणाली. आमच्या घरातल्या बायका साप चावला तरी "जरा खाजलं" म्हणतात. दाजींचा चेहरा मी पुढे दोन दिवसांनी पाहिला, तेव्हाही तो पांढराच होता.

वायरमनला बोलावलं. गल्लीतलाच, वयस्क, गळ्यात टेस्टर जानव्यासारखा अडकवलेला. त्याने प्लग उघडला, कापलेली हिरवी तार पाहिली आणि दाजींना म्हणाला, "दाजी, कुत्रं भुकस म्हनीसन त्याले मारी टाकतस का?"

मग तो बोर्डाकडे गेला, मीटरकडे गेला, अंगणात गेला, आणि परत येऊन त्याने आणखी एक वाक्य उच्चारलं. अहिराणीतलं इतकं मोठं तत्त्वज्ञान मी दुसरं ऐकलेलं नाही. तो म्हणाला, "तुमना घरले अर्थच नही."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. हिरवी तार हे निव्वळ टोक. यंत्राच्या आत कुठे फेज पत्र्याला टेकली, तर त्या करंटने माणसातून जमिनीत जाण्याऐवजी त्या तारेतून जावं, यासाठी ती असते. तार बोर्डातून निघते आणि अंगणातल्या एका खड्ड्यात संपते. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप जमिनीत उभा, भोवती कोळसा आणि मीठ. हा खड्डा ओला असला तरच जमीन करंट गिळते. आणि खानदेशची काळी माती म्हणजे पावसाळ्यात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. वर्षानुवर्षं पाणी न मिळालेला दाजींचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. वर तुळशीवृंदावनाशेजारी त्याचं झाकण मातीखाली गाडलं गेलं होतं. घरातल्या एकालाही तो आठवत नव्हता. मोरीतल्या नळाची तार गेली तेव्हा कोणाला चुटपुट लागली नाही, तसंच हे.

वायरमनने हिरवी तार परत जोडली. सगळी यंत्रं एका बोर्डावर आणली, वायरी ब्रिग्जसाहेबाच्या शिस्तीने आखल्या, पंख्याचा रेग्युलेटर दुसऱ्या भिंतीला नेला. खड्डा उकरला, नवा कोळसा, नवं मीठ. मुख्य बोर्डावर तीस मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवला. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही, वाटेत तीस मिलीअँपिअर जरी गळाले, तरी तो क्षणात वीज तोडतो. दाजींचा ॲम्प्लिफायर गाण्यासाठी चारशे मिलीअँपिअर ओढतो. माणसाचं हृदय बंद पडायला त्याचा लहानसा तुकडाही पुरतो. या सगळ्याला जांभळ्या वायरीच्या निम्मेसुद्धा पैसे लागले नाहीत.

"घूंऽऽऽ" गेला का? बहुतेक गेला. कान स्पीकरला लावला तर थोडा ऐकू येतो. पण दाजी आता कान स्पीकरला लावत नाहीत. जांभळा अजगर अजून ॲम्प्लिफायरमागेच आहे, कारण त्याला तीन पिना आहेत, तिन्ही शाबूत आहेत आणि वायरमनच्या मते तार निदान जाड तरी आहे. दुधाचा रतीब पूर्ववत झाला.

एक फरक तेवढा पडला. दर आठवड्याला, आणि मे महिन्यात तर दिवसाआड, दाजी सकाळी तांब्या घेऊन अंगणात जातात आणि वाकून त्या झाकणाखाली सावकाश पाणी घालतात. लांबून पाहणाऱ्याला ते तुळशीपुढे वाकल्यासारखे दिसतात. गल्ली नंबर पाचमध्ये बोलवा आहे की निवृत्तीनंतर यांना भारी भक्ती जडली. दाजी कोणाला काही सांगत नाहीत. ताई मात्र परवा म्हणाली, "पाणी घालून येतात ना, तेव्हा आधी माझ्या हाताकडे बघतात आणि मग गाणं लावतात."